नव्या मालिकेची बाजू

"जुनीच्या नखाची सर न्हाय हिला," दीर म्हणाला, आणि मी निवडत असलेली मेथीची जुडी खाली आपटली.

तो टीव्हीवरच्या कार्टूनबद्दल बोलत होता. मला ते कळत होतं, तरी कानशिलं तापली. लासुर्ण्याच्या त्या घरात मी दुसरेपणावर आलेली. सासूबाईंच्या तोंडी 'ती' म्हणजे पहिली आणि 'ही' म्हणजे मी. ती भाकरी कशी पातळ थापायची, ती कधी दारात उभं राहून बोलायची नाही, तिच्या हातच्या शेंगांच्या आमटीला कशी चव असायची. अशा घरात कुणी जुनी आणि नवी हे शब्द काढले की मला वाटायचं, आता आपली पाळी आली. त्या घरी तोंड मिटून बसायचं असतं हे मला माहीत होतं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

कार्टून एका मुलीचं होतं. ती हवी तेव्हा दगडासारखी जड व्हायची आणि हवी तेव्हा कापसासारखी हलकी होऊन उडायची. जुनी मालिका दिराच्या लहानपणची. तिच्यात सगळं काळं-निळं, पाऊस आणि धूर. पहिल्याच भागात आग लागते, मुलीची आई त्यात जाते, आणि त्या दुःखातून तिला ताकद येते. मग ती कधी हसत नाही, कुणाला घाबरत नाही आणि प्रत्येक भागात जिंकते. बऱ्याच वर्षांनी तीच गोष्ट नव्यानं काढली होती. तोंडं गोल, रंग भडक, आवाज दुसऱ्याच बाईचा. आणि नव्या मालिकेत आई जिवंत. तिचं शिवणकामाचं दुकान. पोरगी लढून आली की आई तिचा फाटलेला अंगरखा शिवते आणि उशीर झाला म्हणून बोलते.

दीर बारामतीला कॉलेजात जायचा. त्याच्या मोबाइलमध्ये जुनी मालिका सगळीच्या सगळी होती. पूर्वी तो, त्याची पहिली वहिनी आणि तिची मुलगी असे तिघं गोधडीवर बसून ती बघायचे. हे मला त्यानंच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर जीभ चावली.

पहिली गेली ती रस्त्यावर. इंदापूरला माहेरी जाऊन स्कूटीवरून एकटी परत येत होती. दिवेलागणीची वेळ. कडेला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती, मागे ना दिवा ना लाल फडकं. मुलीला आईचं तोंड दाखवलं नाही. दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं, असं शेजारणीनं मला सांगितलं, आणि सांगताना माझा चेहरा नीट बघून घेतला.

आमच्याकडे बिजवराला दिलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. रुपयाच्या नाण्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती, काळ्या दोऱ्यात ओवलेली. नवी साडी नेसायची तर तिची घडी आधी टाकाला लावायची. सणाचा पहिला घास टाकापुढे धरायचा. हळदीकुंकू आधी तिला, मग मला. शिकलेल्या पोरी आता हे करत नाहीत म्हणे. मीही शिकलेलीच होते, कळंबची, बी.ए. झालेली. पण वय उलटून गेलेलं आणि वडील नाहीत, अशा मुलीला कुणी तिचं मत विचारत नाही. सासूबाईंनी माझ्या गळ्यात टाक घातला, भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या मुलीला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "ही बघ, तुजी आई आता हिच्या गळ्यात हाय. तिला समदं दिसतंय." हे मला बजावलं होतं, हे मी तेव्हाच ओळखलं.

मुलगी तिसरीत होती. ती मला मावशी म्हणायची आणि 'तुमी' म्हणून बोलायची, घरी आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं. वेणी घालून घ्यायची, डबा न्यायची, पण जवळ यायची नाही. नवी साडी दिसली की तेवढं विचारायची, "आईला दाखवली का?" मी हो म्हणायचे. कधी दाखवलेली असायची, कधी राग आलेला असला तर नसायची.

लग्नाच्या वेळीच एक बोलणं झालं होतं. मुलीची आजी आणि मामा तिला इंदापूरला न्यायला बसले होते. सावत्र आईच्या हातात पोर द्यायची नाही, असं आजीनं माझ्यासमोर सांगितलं. नवऱ्यानं हातापाया पडून वर्षभराची मुदत मागून घेतली. दिवाळीच्या सुट्टीत मुलीलाच विचारायचं, ती म्हणेल तिथं ती राहील. नवरा लोणी देवकरला कारखान्यात होता. शिफ्टवरून आला की आधी झोपलेल्या मुलीपाशी जाऊन बसायचा. ती गेली तर हा माणूस खचणार, हे दिसत होतं. दुसरीनं पोर घालवली असं गाव म्हणणार, हेही होतं. पण त्याहून खरं सांगायचं तर मला ती हवी होती. दप्तर पाठीला लावून ती वळणावर दिसेनाशी झाली की घर ओकंबोकं व्हायचं. हे मी कुणाला सांगू शकत नव्हते. ही पोरीकडे आईच्या मायेनं बघते, असं माझ्याबद्दल कुणी म्हणालं असतं तर सासूबाई हसल्या असत्या.

तर मेथी आपटली आणि मी दिराला म्हणाले, "भावजी, तुमी ही नवी मालिका पुरती बघितली तरी हाय का?"

"दोन भाग बघितले, वहिनी. बास झालं की. तिच्यात दमच न्हाय. आई जित्ती ठेवली मग दुःख कुठं ऱ्हायलं? दुःख न्हाय तर ताकद कशाची?"

"म्हंजे कुणीतरी मेल्याबिगर बाईला ताकद येतच न्हाय, असं का?"

तो हसला. मी हसले नाही. त्या दिवसापासून संध्याकाळी सात वाजता चुलीवरची कामं आटोपून मी टीव्हीसमोर बसायला लागले. भांडायचं तर माहिती पाहिजे. दिराच्या मोबाइलवर जुनीही बघितली. चांगली होती, खोटं का बोलू. पण त्या जुन्या मुलीला कधी भूक लागत नाही. ती कधी कुणाची माफी मागत नाही. नवी मुलगी घाबरते, रडते, चुकीच्या माणसाला मारून बसते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन उभी राहते. हरूनही येते. हे मी दिराला सांगायचे. तो म्हणायचा, "चित्रं बघा की वहिनी, लाडवावानी तोंडं!" मी म्हणायचे, "तुमी आठ वर्षांचं असताना जी बघितली ती तुमाला चांगलीच वाटणार. तुमी जुनीची आठवण बघताय अन् नवीची फक्त खोड." तो म्हणायचा, जुनी ती जुनी. मग माझा तोल जायचा. "जुनी संपलीय, भावजी. संपलेलीचं आता काय चुकणार हाय? नवीला रोज संध्याकाळी समोर यावं लागतं." एवढं बोलले की स्वयंपाकघरात सासूबाईंचा तांब्या दणकन खाली ठेवला जायचा.

मुलगी हे सगळं ऐकत असायची. एकदा दीर असाच नव्या आवाजाची नक्कल करून दाखवत होता, तेव्हा ती ताडकन उठली. तोंड लाल झालेलं. "काका, गप बस! नवीच चांगली हाय. जुनी घाण हाय. जुनी मला दावायची न्हाय परत!" दिरानं मोबाइल खिशात घातला. तिघांनी मिळून बघितलेली मालिका, तिला घाण म्हणाली. मी चुलीकडे तोंड फिरवलं, कारण मला हसू आवरत नव्हतं.

त्यानंतर ती सरकत सरकत जवळ यायला लागली. आधी गोधडीच्या दुसऱ्या टोकाला बसायची, मग मधे, मग माझ्या मांडीला लागून. नंतर पाठ माझ्या कुशीत टेकवून बसायची आणि मालिका सुरू झाली की हात वर करून माझा पदर खांद्याकडे सारायची. लहान मुलं आईच्या पदराशी खेळतात तसंच ते होतं. मी श्वाससुद्धा हळू घ्यायचे. 'तुमी'चं कधी 'तू' झालं ते तिलाही कळलं नसावं. कळंबला आईला मी फोनवर सांगितलं, "पोरगी लागली गं मला." आई पलीकडे रडायला लागली.

भाऊबीज झाल्यावर आजी आणि मामा आले. आजीनं रीतीप्रमाणे मला साडी-चोळी आणली होती. दुसरी ही पहिलीच्या माहेरची लेकच मानायची असते. तिनं आधी टाकाला कुंकू लावलं. लावताना ती टाकाशी काहीतरी पुटपुटली. मग माझ्या कपाळाला लावलं, तेव्हा डोळे दुसरीकडे होते. मला तिचा राग आला नाही. माझ्या छातीवर तिची मुलगी होती आणि मी पाया पडले की तिला मला आशीर्वाद द्यायचा होता.

मामानं मुलीला मांडीवर घेऊन मोबाइल काढला. "बघ, तुजी अन् तुज्या आईची मालिका. आपल्या घरी मोठ्या टीव्हीवर लावू रोज." मुलीनं मोबाइल उलटा केला आणि खाटेवर ठेवला.

"चलती का मग इंदापूरला? तितं शाळा पण मोठी हाय."

नवरा उंबऱ्यापाशी उभा होता. त्यानं चौकट धरली. सासूबाईंनी जपमाळ थांबवली. मुलगी म्हणाली, "न्हाय. मी हितंच ऱ्हाणार."

"का गं बाई? आजी नको का तुला?" आजीचा आवाज फाटला.

"तू पण पायजे. पण मी हितंच ऱ्हाणार."

तिनं माझ्याकडे बघितलं. अगदी सरळ, माझ्या गळ्याशी नजर लावून. आजी पदरात तोंड घालून रडली. मामानं चहा अर्धा ठेवला. गाडी वळणावरून गेल्यावर नवरा उसात शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. सासूबाई माझ्याजवळ आल्या, पाठीवरून एकदाच हात फिरवला आणि म्हणाल्या, "जिकलीस." वर्षभरात त्यांनी मला दिलेलं एवढंच. मला त्या दिवशी कशाचीच वाण नव्हती. मी आजीनं आणलेली साडी नेसले, आणि खुशीच्या भरात घडी टाकाला लावायची राहिली ती राहिलीच.

संध्याकाळी थंडी पडली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून मी टीव्हीसमोर बसले. मुलगी आली, कुशीत टेकली आणि पदर ओढायला लागली. तो निघेना.

मला आज तिच्या तोंडून ऐकायचं होतं. मी विचारलं, "का गं, तुला नवीच का आवडती एवढी?"

"हिच्यात आई मरत न्हाय," ती म्हणाली. असं म्हणाली, जसं काही हे सगळ्यांना ठाऊकच आहे. मग पुन्हा पदर ओढत, "मावशी, पदर घे की बाजूला. आईला दिसत न्हाय."

"काय?"

"आईला दिसत न्हाय टीव्ही. रोज तर मी बाजूला करती. तिनं जुनीच बघितलीय फक्त. तिला ठावं पायजे ना, की नव्या मालिकेत ती वाचली."

मला पुढचं विचारायचं नव्हतं. पण तोंडातून गेलंच. "म्हणून इंदापूरला न्हाय गेलीस?"

"तितं आई कुठं हाय? तितं फोटो हाय नुसता."

दोरा तोडून टाक पेटत्या चुलीत टाकावा, असं मला वाटलं. मेलेल्या बाईचा इतका द्वेष मी त्याआधी कधी केला नव्हता आणि नंतरही नाही. एवढी धडपड, एवढी भांडणं, एवढं कौतुक, आणि मी कोण, तर तिला टांगायची खुंटी. नव्या मालिकेची बाजू मी माझ्यासाठी घेतली होती. पोरीनं ती तिच्या आईसाठी घेतली होती. आम्हा दोघींच्या या दोन कारणांत दीर बिचारा उगाच सापडला. पलीकडे सासूबाई कधी नव्हे ते माझ्यासाठी वाटीत शिरा काढत होत्या, ते मला दारातून दिसत होतं.

मुलगी मान वळवून माझ्याकडे बघत होती. मालिकेचं गाणं सुरू झालं होतं आणि तिला घाई होती. डोळ्यांत कपट नव्हतं, माया होती, आणि ती माझ्यातून आरपार चालली होती.

मी पदर खाली घेतला. टाक दोऱ्यात फिरून उलटा झाला होता, सपाट बाजू वर आली होती. मी तो सुलटा केला आणि तोंड टीव्हीकडे करून धरला. पडद्यावर ती गोल तोंडाची आई सुईत दोरा ओवत होती आणि उशिरा आलेल्या पोरीला बोलत होती. मुलगी पाठ टेकवून स्वस्थ बसली.

मग समोरून नजर न हलवता तिनं हळूच विचारलं, "आता दिसतंय का?"

तिनं मला विचारलं नव्हतं. पण उत्तर द्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच म्हणाले, "व्हय, दिसतंय."