पहिलीचे गुरुजी

सन सत्तरच्या सुमारास नागपुरात सीताबर्डीजवळच्या आमच्या प्राथमिक शाळेत मी एकटीच बाई होते, बाकी सगळे गुरुजी. पहिलीचे गुरुजी पोरांच्या चड्डीची नाडी बांधताना खडू दातांत धरायचे आणि तसंच विचारायचे, "काहून रडून राहिला गा?" हेडमास्तरांचा मात्र त्यांना भारी धाक. व्हरांड्यात त्यांची चप्पल वाजली की तोंडात घास असला तरी ते ताडकन उभे राहायचे. मला चीड यायची. इतकं काय भ्यायचं?

एकदा विलायतेची एक मडम शाळा पाहायला आली. पहिलीत पुरुष पाहून ती थबकलीच. "आमच्या देशात एवढ्या लहान मुलांना बायकाच शिकवतात, पुरुष शोधावा लागतो. तुमच्याकडे सगळं उलटंच," ती हसून म्हणाली. हेडमास्तर ओशाळले. तिची गाडी जाताच त्यांनी मला पहिलीच्या वर्गात बोलावलं.

"उद्यापासून पहिली बाईंकडे. चौथी तुम्ही घ्या, गुरुजी."

बाईला मोठा वर्ग झेपत नाही म्हणणाऱ्यांशी भांडून मी चौथी मिळवली होती. गुरुजी सतरंजीवर बसून एका पोराची नाडी बांधत होते. त्यांनी दातांतला खडू काढला.

"बाईले चवथीच राहू द्या, सर. मले इथंच जमते."

"मी विचारून नाही राहिलो, सांगून राहिलो!" हेडमास्तर ओरडले. "आधी उभे राहा!"

वर्गातली सगळी पोरं उभी राहिली.

गुरुजींनी खडू पुन्हा दातांत धरला आणि बसल्या जागीच नाडीची गाठ मारली.