कमलापूरच्या रानातली आंबील

आमची बदली गुलबर्ग्याला झाली तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी अप्पा बसले होते. अप्पा म्हणजे माझे वडील. मी आणि नवरा आमच्या जुन्या गाडीतून मागून निघालो होतो. गाडीत भरपूर जागा होती, पण अप्पांचा हट्ट, ट्रकमध्येच बसणार. विचारलं तर म्हणाले, सामानावर लक्ष नको? खरं कारण मला ठाऊक होतं. लेकीबरोबर गाडीत बसून गेलं की लेकीकडं राहायला गेल्यासारखं होतं. ट्रकमध्ये बसून गेलं की माणूस नुसता सामान पोचवायला गेलेला असतो, आणि सामान पोचवणारा माघारी फिरतो.

आई जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. गावाकडं, खटकचिंचोळीच्या घरात अप्पा एकटेच राहत. शेत माझा चुलतभाऊ बटईनं, म्हणजे वाट्यानं, करायचा आणि त्याची बायको दोन वेळच्या भाकरी आणून द्यायची. एका सकाळी अप्पा न्हाणीत चक्कर येऊन पडले. भाकरी घेऊन वहिनी आली तेव्हा कुठं कुणाला कळलं. भालकीच्या डॉक्टरांनी बजावलं, यांना पुन्हा एकटं ठेवू नका. मी एकुलती एक लेक, त्यामुळं विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

गुलबर्ग्यात अप्पा पाहुण्यासारखे वागायला लागले. पाणीसुद्धा मागून घ्यायचे नाहीत, कुणी दिलं तर प्यायचे. धोतर धुऊन वाळलं की घडी घालून थेट पिशवीत, कपाटाला हात लावायचा नाही. ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई,’ ही म्हण तर मला इतक्या वेळा ऐकवली की एकदा मी चिडून म्हटलं, मग अक्कल गेलीच आहे, आता निवांत राहा. त्यावर हसले नाहीत. शेजारच्या अक्कांनी कधी आलात म्हणून विचारलं तर कन्नडमध्ये सांगायचे, चार दिवसांसाठी आलोय, येत्या सोमवारी जायचंय. तो सोमवार काही येत नव्हता, पण अप्पा तो सोडतही नव्हते.

बिचाऱ्यांची चूक नव्हती. गावात घरातून निघून पारापर्यंत पोचायला त्यांना तासभर लागायचा, कारण दर ओट्यावर ‘शरणु’ म्हणत थांबायचं, कुणाची म्हैस व्याली का, कुणाच्या तुरीला शेंग धरली का, सगळं विचारायचं. इथं कॉलनीत सगळ्यांची फाटकं लावलेली. सकाळी फिरून आले की म्हणायचे, शेवटापर्यंत गेलो, एक माणूस बोलला न्हाई, कुत्रं तेवढं भुंकलं.

मग आम्ही रविवारी त्यांना गाडीतून बाहेर काढायला लागलो. ही कल्पना नवऱ्याची. त्याला गाडी चालवायला निमित्तच हवं असतं, भाजी आणायला पाठवलं तरी बायपासला चक्कर मारून येतो. कधी बसवकल्याणला जायचो, वाटेत राजेश्वरला चहाला थांबायचो. कधी भीमेच्या काठी कुठंतरी जायचो. अप्पा पुढच्या सीटवर, काच खाली करून, बाहेरच्या प्रत्येक रानाला मार्क देत बसायचे. ही तूर पेरायला उशीर केलाय. ह्या गड्यानं बांध कोरलाय बघ शेजाऱ्याचा. घरात दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस गाडीत थांबायचा नाही.

सगळ्यात जास्त त्यांना गाणगापूर आवडायचं, आणि त्यावरून नवरा त्यांची फार थट्टा करायचा. आमचं घर बसवण्णांना मानणारं. अप्पांच्या गळ्यात इष्टलिंग, कपाळावर रोज विभूती, देवळाच्या रांगेत ते आयुष्यात कधी उभे राहिले नाहीत. तरी दर महिन्याला गाणगापूर. आम्हाला वाटलं, म्हातारपणी दत्त भेटला. तर तसं काही नव्हतं. अप्पा देवळाच्या अलीकडच्या एका लॉजच्या पायरीवर बसायचे आणि लातूर, उदगीर, निलंग्याहून आलेल्या लोकांना धरून पाऊसपाणी विचारायचे. आपल्यासारखं बोलणारी माणसं एवढी एके ठिकाणी त्यांना दुसरीकडं कुठं भेटणार? तासाभरानं उठायचे ते टवटवीत होऊन. परतताना मला पेढे घ्यायला लावायचे, वर म्हणायचे, देव तुमचा, पेढे माझे. ते दिवस आठवले की वाटतं, तेव्हा आणखी फिरायला हवं होतं. घरातली कामं काय, ती आजही आहेतच.

थंडी पडली आणि येळवस जवळ आली. ज्यांना ही अमावास्या माहीत नाही त्यांना तिचं वेड समजावून सांगणं अवघड आहे. त्या दिवशी आमच्याकडं घरात चूल पेटत नाही असं नाही, पण घरात कुणी जेवत नाही. गावंच्या गावं रानात जातात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगड मांडून पूजा करायची, मग भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे आणि आंबील. भज्जी म्हणजे हिरव्या शेंगांचे दाणे आणि पालेभाजी बेसनात शिजवलेली, आणि आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं पेय. पूजा झाली की घरच्या कर्त्या माणसानं आंबिलीची बिंदगी, म्हणजे लहान घागर, घेऊन रानाभोवती फिरायचं आणि आंबील शिंपत जायचं. याला चर शिंपणं म्हणतात. आमच्या घराण्याची आणखी एक रीत, की एका माणसानं एका येळवशीला एकाच रानात चर शिंपायचं. ज्या रानाभोवती फिरलास, त्या रानाचा तू त्या वर्षी. आजोबांनंतर आमच्या रानात अप्पांशिवाय कुणीच फिरलं नव्हतं.

तर एके रात्री जेवताना अप्पांनी सांगून टाकलं. “येळवशीला मी जायलोय. अन् तिकडंच ऱ्हातो.”

मी कामून म्हणून विचारलं, तर म्हणाले, चर कोण शिंपणार? मी म्हटलं, शिंपून परत या. त्यावर त्यांनी हात धुतला आणि उठले. मला कळलं की हे आता येणार नाहीत. न्हाणीतली ती फरशी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. नवरा म्हणाला, बांधून थोडंच ठेवणार आहेस? आपणच सोडून येऊ. मला राग आला, पण दुसरं काही सुचलंही नाही.

जायचंच आहे तर रिकाम्या हातानं नको म्हणून आंबील मी घरी केली. आई करायची तशी, लसूण-जिरं वाटून, दोन दिवस उबेला ठेवून. मातीची बिंदगी गाडीत हिंदकळेल, सांडेल, म्हणून आंबील भरली फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये. झाकण नवऱ्याकडून आवळून घेतलं. वरून थंडी लागू नये म्हणून शाल गुंडाळली आणि कॅन मागच्या सीटवर उन्हाच्या बाजूला ठेवला. आईनं जन्मभर बिंदगीच्या तोंडाला नुसतं फडकं का बांधलं, हा प्रश्न मला पडला नाही.

गावाकडं जाणारा हुमनाबादचा रस्ता तेव्हा आजच्यासारखा नव्हता, खड्ड्यांनी भरलेला होता. अप्पांनी त्या दिवशी एकाही रानाला मार्क दिले नाहीत. अप्पांची पिशवी त्यांच्या पायाशी होती. कमलापूरच्या थोडं अलीकडं एका मोठ्या खड्ड्यातून गाडी उसळली आणि मागं बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. टायर फुटला म्हणून नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली. टायर ठीक होता. फुटली होती आंबील. छतावर आंबील, काचांवर आंबील, माझ्या नव्या इरकल साडीवर आंबील, आणि पुढच्या सीटवर अप्पांच्या टोपीपासून धोतरापर्यंत आंबीलच आंबील. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. अप्पांनी मिशीवरची आंबील बोटानं पुसली, चाखली आणि गंभीरपणे म्हणाले, “मीठ कमी हाय.”

मग ते हसायला लागले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. खोकला येईपर्यंत हसले.

रस्त्याकडेच्या रानात एक खोप दिसत होती आणि तिथली माणसं आम्हाला हात करत होती. येळवशीला रस्त्यानं जाणाऱ्याला हाक न मारणं म्हणजे पापच, त्यात आमची ही दशा. रानाचा मालक अप्पांच्याच वयाचा म्हातारा होता, खोपीपाशी बाजेवर बसलेला, एक गुडघा कापडानं बांधलेला. बरोबर सून आणि लहान नातवंडं होती. त्यांनी कसलीही चौकशी न करता बोअर चालू केली. अप्पांनी अंघोळ केली, म्हाताऱ्यानं आपलं कोरडं धोतर त्यांना नेसायला दिलं, सुनेनं मला लुगडं दिलं. नवरा बादलीनं गाडी धुवत होता आणि नातवंडं त्याला कुठं कुठं राहिलंय ते दाखवत होती. अप्पांनी तिथंच खोपीच्या सावलीत लिंगपूजा उरकली आणि विभूती लावून म्हाताऱ्याशेजारी बाजेवर बसले.

कन्नडमध्ये दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. म्हाताऱ्याचा मुलगा बेंगळूरला कामाला होता, येळवशीला नक्की येतो म्हणाला होता, आणि सकाळी फोन आला की सुट्टी मिळाली नाही. खोपीतली पूजा सुनेनं केली होती. आंबील भरलेली बिंदगी तशीच बाजूला होती, कारण म्हाताऱ्याला गुडघ्यामुळं चालता येत नव्हतं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून त्यानं अप्पांना सहज विचारलं, तुम्ही बसवण्णांचे शरण, वडीलधारे, आमच्या रानाला चर शिंपता का?

नवऱ्यानं सांगायला तोंड उघडलं, की यांना स्वतःच्या रानात जायचंय, तिकडं सगळे वाट बघतायत. अप्पांनी हातानं त्याला थांबवलं. त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, पोराची वाट बघत नाही का, संध्याकाळपर्यंत आला तर? म्हातारा म्हणाला, आला तर जेवेल. रानाला कुणासाठी ताटकळत ठेवायचं नसतं.

अप्पा हुमनाबादकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बघत होते. रीत त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. इथं फिरलं की यंदा खटकचिंचोळीच्या रानाभोवती फिरायचं नाही. माझ्या हातात उंड्याचा तुकडा होता, तो मला खाता येईना. मग ते उठले, दुसऱ्याचं धोतर वर खोचलं आणि बिंदगी उचलली.

मी त्यांच्या मागं जात होते, पडले तर धरायला. पण ते पडले नाहीत. काळ्या ढेकळांतून, कापणीला आलेल्या तुरीच्या कडेनं, भराभरा चालत होते. ज्वारीच्या पानाची जुडी बिंदगीत बुडवायची आणि आंबील उडवायची, तोंडानं चर शिंपतानाचे जुने शब्द मोठ्यानं म्हणायचे, आणि खोपीपाशी बसलेली सगळी मंडळी त्यांना ओ द्यायची. सगळं रान फिरून आले तेव्हा घामानं भिजले होते. सुनेनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो घेण्यासाठी त्यांनी हात पुढं केला आणि माझा फोन वाजला.

चुलतभावाचा होता. पूजा झालीय, सगळे जेवायचे थांबलेत, काका कुठवर आले? अप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला.

“आम्ही कमलापुरात हाव. आंबील सांडली. तुमी थांबू नका, जेवून घ्या.” पलीकडून तो काहीतरी विचारत असावा. अप्पांनी ऐकून घेतलं. “व्हय, तूच शिंप. रान तू करायलास, तूच शिंपायचं. पुढल्या साली बी तूच.”

फोन मला परत देऊन त्यांनी तांब्या घेतला आणि उभ्याउभ्याच घटाघटा पाणी प्यायले. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. अप्पा आपलं रान सोडून आमच्याबरोबर परत येणार होते. आणि मी त्या परक्या रानात, परक्या बाईच्या लुगड्याचा पदर तोंडाला लावून, आई गेली तेव्हाही रडले नव्हते इतकी रडत होते.