अक्कांचं ‘सरी’

देवाशीसुद्धा घासाघीस करील अशी एकच बाई मी बेंगळुरात पाहिली, आणि पुढे तिचा नवराच देव झाला. निपाणीहून मी हात हलवत आलो आणि चिकपेटेत भांड्यांचं दुकान स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. भाव करताना मला कोणी वाकवलं नाही. अक्कांनी दर खेपेला वाकवलं. त्यांचं घराणं कैक पिढ्या इथलं, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. मी पातेल्याचा भाव सांगितला की त्या शांतपणे ‘सरी’ म्हणत. सरी म्हणजे बरं, ठीक. मी खूश होऊन पातेलं कागदात बांधायला घ्यायचो, तोवर अक्का रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात. मी भडकलो की वळून म्हणत, “अण्णा, सरी म्हणजे ऐकलं. घेते कुठं म्हटलं?” अक्कांच्या ‘सरी’चा अर्थ ‘नाही’ असतो, हे शिकायला मला बराच तोटा सोसावा लागला.

अक्कांचे यजमान शाळामास्तर. आणे जाऊन नवे पैसे आले त्या सुमारास ते संध्याकाळी ओसरीवर वेदान्त सांगू लागले. आधी शेजारचे चार म्हातारे, मग एक वकील, मग मोटारवाले. मीही जायचो, माझ्यासारख्या तापट माणसाचं डोकं तिथे खरंच निवायचं. लोक मास्तरांना स्वामी म्हणू लागले आणि अक्कांना स्वतःच्याच घरात दर्शनाच्या रांगेत उभं राहावं लागलं. एकदा त्या माझ्या पुढेच होत्या. पाळी आली तेव्हा म्हणाल्या, “अहो, दोडका करू का पडवळ?” स्वामी म्हणाले, “पडवळ.” वकिलांनी डोळे मिटून तो शब्द दोनदा पुटपुटला. भक्त वाळत घातलेली धोतरंसुद्धा प्रसाद म्हणून उचलत. अशाच एका मोटारवाल्याला अक्कांनी फाटकात गाठलं होतं. “मोक्ष सावकाश न्या. हे धोतर उद्या शाळेत लागतं.”

मग शिष्यांच्या मनात मठ काढायचं आलं. मठाला भगव्यातला गुरू हवा, आणि लग्न झालेल्या माणसाला बायकोच्या संमतीवाचून संन्यास घेता येत नाही. सगळे ओसरीवर जमले. वकील म्हणाले, “अक्का, जगाच्या कल्याणाची गोष्ट आहे. तुमची संमती तेवढी द्या.” अक्कांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. अक्का म्हणाल्या, “सरी.”

जयजयकार झाला. मी उठून ओरडलो, “थांबा, त्या नाही म्हणतायत.” वकील हसले. “तुम्ही निपाणीकडचे, अण्णा. तुम्हाला इथलं कन्नड कळायचं नाही.” दोघांनी दंडाला धरून मला अंगणात आणून सोडलं. त्या वकिलाला मी सोडून देईन. पण ज्याने या बाईबरोबर इतकी वर्षं संसार केला, त्याला हे ‘सरी’ माझ्याहून जास्त ठाऊक होतं. त्याने मान वर केली नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

“स्पष्ट नाही म्हणायला काय झालं होतं?” मी अक्कांना नंतर रागावून विचारलं.

“मी यांना सांगत होते,” त्या म्हणाल्या. “यांना कळतं.”

संन्याशाने पूर्वीच्या बायकोचं तोंड पाहायचं नसतं. बसवनगुडीला मठ झाला. अक्का दर गुरुवारी बाहेर चपलांच्या शेजारी बसून कर्ण्यातून प्रवचन ऐकत. एका थंडीत म्हणाल्या, “स्वल्प घसा बसलाय यांचा. काढा कोण देतं का नाही?” पुढच्या गुरुवारी त्या काढा घेऊन आल्या आणि तांब्या माझ्या हातात दिला. दारात वकील. स्वामींना देहाची बाधा नाही, आणि पूर्वाश्रमीच्या बायकोच्या हातचं तर मुळीच चालत नाही, म्हणाले. मी भांड भांड भांडलो. शेवटी त्यांनी दार लावून घेतलं, आणि मी मागच्या बाजूला जाऊन तांब्या तुळशीत रिकामा केला.

“घेतला का?” अक्कांनी विचारलं.

“घेतला.”

“तोंड वाकडं केलं असेल.”

“केलं.”

“मध घालायचा राहिला माझा,” अक्का म्हणाल्या, आणि पदर कानांवरून घेऊन कर्ण्याच्या बाजूला जरा सरकून बसल्या.