आधी रहस्यकथा, मग खरी मरीया?

रविवारची बैठक होणार, असं ग्रंथपाल कुलकर्णींनी आत्ताच फोनवर सांगितलं. मार्थाबाई येतील का, हे मात्र त्यांनाही ठाऊक नाही.

मंडळी, देवळालीच्या आपल्या वाचनकट्ट्याची रीत म्हणजे आधी कादंबरी आणि आठवड्याने त्याच विषयावरचं माहितीचं पुस्तक. या वेळची जोडी मी निवडली: मग्दालीया मरीयेभोवती फिरणारी, चर्चमधल्या खुनांची रहस्यकथा आणि येशूच्या या शिष्येचं चरित्र.

आज सकाळी वाचनालयात निवृत्त शिक्षिका मार्थाबाईंनी ती कादंबरी माझ्यासमोर आपटली.

“मरीया वेश्या होती म्हणे! पवित्र शास्त्रात कुठंय, दाखवा.”

मी कादंबरी उचलून बाजूला ठेवली.

“बाई, तसं कुठंच लिहिलेलं नाही. दुसरं पुस्तक तेच सांगतं.”

“मग ते आधी का न्हाई दिलं? आठवडाभर आमची मरीया बदनाम राहिली तरी चालतंय, व्हय?”

मी कपाटातून चरित्र काढून दिलं.

ते पिशवीत टाकत त्या म्हणाल्या, “वाचते. पटलं तर रविवारी पहिली मी बोलणार. नाहीतर कट्ट्यातून माझं नाव काढा.”

चरित्र मीही वाचलंय, पण आता ते बाईंनीच सांगावं असं वाटतं. रविवारी त्या येईपर्यंत चर्चा सुरू करायची नाही. थांबाल ना?