लाल मखमलीच्या खुर्च्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी काय सांगत नाही? मन मोकळं करायचं म्हणून सांगतोय असंही नाही. हल्ली दाढी करताना स्वतःच्याच तोंडाची शिसारी येते, आणि लोक मात्र त्याच तोंडाचे फोटो काढून नेतात.

कारण मी 'सिनेमावेडा माणूस' ना! इचलकरंजीहून नोकरीसाठी बेंगळुरूला आलो, काही वर्षं कंप्युटरपुढे काढली, मग नोकरी सोडून जे. पी. नगरमध्ये एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर छोटंसं थिएटर काढलं. मॉलमध्ये लागत नाहीत असे सिनेमे — कन्नड, मल्याळम, मराठी. पेपरात माझ्यावर लिहून आलं. आणि प्रत्येक लेखात फोटो असायचा तो माझ्या खुर्च्यांचा.

त्या खुर्च्या. हुबळीकडचं एक जुनं टॉकीज पाडत होते, तिथून मी त्या उचलून आणल्या. लाल मखमल, लाकडी हात. यानं एका थिएटरचा जीव वाचवला, असं लोक म्हणायचे. मी ते ऐकून घ्यायचो, वर जरा लाजायचोसुद्धा. पण ट्रकमधून उतरवल्या त्याच दिवशी मी एक खुर्ची उलटी करून पाहिली होती. शिवणीत काळे ठिपके होते. त्यातला एक चालायला लागला. मी तो नखाखाली चिरडला — ढेकणाचा वास ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळं सांगायला नको. औषध मारलं, खिडक्या उघड्या ठेवल्या, आणि झालं म्हटलं. झालं नव्हतं. मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

रविवारी सकाळी मी मराठी सिनेमा लावायचो, नाममात्र तिकिटात. वाटलं होतं, बेळ्ळंदूरहून, हेब्बाळहून आपली आयटीतली मंडळी येतील. ती काही येईनात. आली ती मागच्या गल्लीतल्या बांधकामावरची माणसं, उमरग्याकडची, पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी. त्यांत सुमन होती. नवरा गवंडी, ही विटा वाहायची, कडेवर लहान मुलगी. पण सिनेमाला यायची ती लग्नाला आल्यासारखी — धुतलेली साडी, चापून विंचरलेले केस, मुलीच्या तोंडाला पावडर. कुणी शेंगांची टरफलं खाली टाकली तर तीच दटावायची. एकदा जाताना म्हणाली, "दादा, आठवडाभर हितं कुणी आपलं बोलत न्हाई. तुमच्या थेटरात आलं की गावाला जाऊन आल्यागत वाटतंय." मला तेव्हा फार भारी वाटलं होतं स्वतःबद्दल.

मग एका रविवारी सकाळचा खेळ सुटत होता आणि दुपारच्या खेळाची मंडळी जिन्यावर उभी होती. फिल्म सोसायटीवाली, लेख लिहिणारी, माझं कौतुक करणारी. त्यांत पद्माक्का — कैक पिढ्यांपूर्वी इथे आलेल्या मराठी घरातल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी बाही वर सारली. दंडावर लाल चट्टे उठले होते, रांगेनं. आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या,

"अण्णा, हे बघा स्वल्प. तुमच्या खुर्चीत बसून घरी गेले आणि हे. ढेकूण आहेत की काय हो?"

सगळा जिना माझ्याकडे बघायला लागला.

एक वाक्य पुरलं असतं — हो, खुर्च्यांबरोबर आलेत. मग खुर्च्या जाळाव्या लागल्या असत्या, आणि त्यांच्याबरोबर माझं कौतुक. काय जाणार होतं माझं? पोटपाणी नव्हे. नुसतं कौतुक! आणि मी काय केलं? उतरणाऱ्या माणसांकडे हात केला आणि म्हणालो, "काय करणार अक्का, सकाळी ही शेडमधली माणसं येतात. त्यांच्या अंगावरून येतं सगळं."

मराठीत म्हणालो. पद्माक्कांशी कानडीत बोलता आलं असतं, मला येते कानडी. मग मराठीतच का? याचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते घाण आहे. त्या माणसांनी ऐकावं आणि आपणहून यायचं थांबावं, असं मला हवं होतं.

सुमन दोनच पायऱ्यांवर होती. ती रागावली नाही. तिनं आधी स्वतःच्या पदराकडे पाहिलं. मग मुलीचे केस बाजूला करून तिच्या कानामागे पाहिलं — तिथेच, सगळ्यांदेखत. मग भिंतीला घासून उतरायला लागली, कुणाला आपला धक्का लागू नये म्हणून. जिन्यावरच्या लोकांनी कपडे सावरून घेतले. मीही अंग चोरलं. मी!

पुढच्या रविवारी ती सगळी पुन्हा आली. केस ओले, कपड्यांना कडुलिंबाचा वास. कपडे उकळलेत, अंथरुणं उन्हात टाकलीत, असं सुमननं मला दारातच सांगितलं. शेडमध्येही ढेकूण होतेच — कुठल्या शेडमध्ये नसतात? म्हणून तर तिला माझं खरं वाटलं. मी म्हणालो, सकाळचा खेळ बंद केलाय.

नंतर थिएटरला आतून कडी लावून मी एकट्यानं त्या खुर्च्या फाडल्या. आतला काथ्या उपसला तेव्हा तो हलत होता. नवा फोम भरला, नवी मखमल चढवली, रंग तोच लाल. कुणाला पत्ता लागला नाही. ती माणसं यायची बंद झाली आणि बघा, कसं स्वच्छ झालं, असं लोक म्हणाले. मी मान डोलावली.

मध्ये बरीच वर्षं गेली. गेल्या वर्षी पाठ दुखते म्हणून हेब्बाळच्या एका दवाखान्यात गेलो होतो. तिथे सुमन भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. समोर खुर्च्या रिकाम्या. मुलगी आता शाळेच्या गणवेशात होती. ती खुर्चीवर बसायला गेली तसं सुमननं तिला हाताला धरून खाली ओढलं. "हितं बस. लोकाच्या खुर्चीला लागतंय आपलं." मुलगी निमूट बसली. तिला सवय होती.

मग सुमननं मला ओळखलं. हसली. उठून माझ्यापाशी आली, पण हातभर लांबच थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, आमच्यामुळं लई तरास झाला तुमाला. आता तरी गेले का वो ते?"

पद्माक्का नव्हत्या, लेख लिहिणारे नव्हते. ऐकायला फक्त ती मुलगी होती, खाली बसून माझ्याकडे बघत.

"गेले," मी म्हणालो.

"बरं झालं," सुमन म्हणाली, आणि परत जाऊन मुलीशेजारी जमिनीवर बसली.