क्रांतीच्या वर्गातली आम्ही चार माणसं

जिनिंगमध्ये जन्म घालवलेल्या माणसाच्या कपड्यांतला कापूस कधी संपत नाही. रिटायर होऊन कितीही वर्षं होऊ द्या, जुना शर्ट झटकला की दोन-चार तंतू उडतातच. आमच्या वर्गाचे किस्से तसेच आहेत. कधीही, कुठूनही निघतात. पूर्वी एक सांगायला घेतला की "असं नव्हतं नाना, असं होतं!" म्हणून मधेच तोडणारं कोणीतरी असायचं. आता तसं माणूस सेलूत उरलेलं नाही. त्यामुळं मी सांगेन तेच खरं!

सेलूच्या स्टँडमागं बशीरभाईचं सायकलचं दुकान होतं. दुकानामागं पत्र्याची एक खोली. दर शनिवारी दुपारी तिथं आमचा वर्ग भरायचा. विषय एकच: क्रांती कशी होते, कोण करतं आणि झाल्यावर पुढं काय. शिकवायला पाठक सर, कॉलेजात राज्यशास्त्राचे प्राध्यापक. शिकायला बशीरभाई, जिनिंगमध्ये माझ्याबरोबर कामाला असलेल्या शांताबाई आणि मी. सुरुवातीला खोली भरायची. नंतर कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं, कुणी सत्ताधारी पक्षात गेलं. टिकलो ते आम्ही चौघं.

*

एकदा सर म्हणाले, "क्रांतीला दोन गोष्टी लागतात. एक, पिकलेली परिस्थिती. आणि दोन, संघटना."

बशीरभाई ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "सर, परिस्थिती तर लय पिकलीय. संघटना किती जनाची हाय?"

"सध्या चार."

"मंग परिस्थितीलाच जरा थांब म्हना!"

*

वर्गात सगळ्यात घाई शांताबाईंना. सर फळ्यावर काय लिहितात याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसायचं. चप्पल काढता काढताच विचारायच्या, "सर, निघाली का तारीख?"

सर शांतपणे समजावायचे, "बाई, क्रांतीची तारीख काढता येत नाही. अंतर्विरोध तीव्र व्हावे लागतात."

"होऊ द्या की तीव्र, मी कुठं नगं म्हनते? पन आमच्या मंदीच्या लग्नाच्या आत उरका. हुंडा तरी वाचंल!"

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी वर्ग लवकर संपवला.

*

एकदा तहसीलवर मोर्चा काढायचं ठरलं. कामाच्या ठिकाणी बायकांना पिण्याचं पाणी मिळावं, अशी मागणी. जिनिंगमधल्या सगळ्या बायका येतो म्हणाल्या होत्या. पण सीझन ऐन भरात, कुणाला सुट्टी मिळाली नाही. शांताबाईंनी आणि मी खाडा केला, म्हणून निघालो आम्ही चौघंच. घोषणा द्यायची बशीरभाईनं, उत्तर द्यायचं तिघांनी. पोलीस मात्र आमच्यापेक्षा जास्त!

गेटवर एका हवालदारानं सरांना विचारलं, "बाकीचे मागून यायलेत का?"

सरांनी चष्मा सारखा केला आणि गंभीरपणे म्हणाले, "मागून इतिहास येतोय."

हवालदार जरा बाजूला झाला आणि वायरलेसवर म्हणाला, "साहेब, चार इसम हजर हायेत. आनखी एक यायलाय म्हनतेत. इतिहास नावाचा!"

*

मग आमच्यात फूट पडली. चौघांत!

कारण सैद्धांतिक होतं. सर म्हणायचे, आपल्यासारख्या देशात क्रांती दोन टप्प्यांत होणार. आधी सरंजामशाही मोडायची, लोकशाही पक्की करायची, मगच समाजवाद. बशीरभाईला हे टप्पे पटत नव्हते. तो म्हणायचा, "सर, सेलूहून परभनीला डायरेक्ट गाडी असताना मधीच मानवत रोडला उतरायचं कशाला?"

सर म्हणाले, "कारण तुमच्या गाडीला इंजिनच नाही!"

हे बशीरभाईला लागलं. तो तीन आठवडे वर्गाला आलाच नाही. समोरच दुकानात बसायचा, हवा भरायचा, पण आत पाऊल टाकायचा नाही. शेवटी त्यानं निरोप पाठवला: शनिवारी दोन टप्प्यांचा वर्ग, रविवारी एका टप्प्याचा. खोली त्याचीच, त्यामुळं कुणी हरकत घेतली नाही. मी सरांकडं राहिलो, शांताबाई रविवारी जाऊ लागल्या.

पहिल्या शनिवारी सर आणि मी, दोघंच. मधे एवढी जागा रिकामी की सरांचा आवाज घुमायला लागला. तेवढ्यात हॉटेलवाला दोन चहा घेऊन आला. म्हणाला, "बशीरभाईनं पाठवलाय."

मी हात पुढं केला. सर म्हणाले, "थांबा नाना. विरोधी गटाचा चहा स्वीकारावा का, यावर आधी चर्चा झाली पाहिजे."

चर्चा झाली. ठरावही झाला: 'चहा घ्यावा, आभार मानू नयेत.'

तोवर चहावर साय धरली होती. आम्ही तो तसाच प्यायलो. दाराच्या फटीतून बशीरभाई बघायलाय, हे दोघांनाही दिसत होतं.

*

मंदीचं लग्न झालं. क्रांतीच्या आधीच. जावई पुण्याकडं कंपनीत, म्हणून पुढं शांताबाईही नातवंडं सांभाळायला तिकडंच गेल्या. जाताना खोलीत येऊन उभ्या राहिल्या, भिंतीवरच्या फळ्याकडं बघितलं आणि गेल्या.

मग एक दिवस फोन आला. तिकडून ट्रॅफिकचा आवाज, आणि त्यांचा तोच प्रश्न. "नाना, निघाली का तारीख?"

"न्हाई हो बाई. अजून न्हाई."

"बरं झालं. मला वाटलं, मी हिकडं असताना तुमी उरकून घेतली का काय!"

*

सरांना मुलानं परभणीला नेलं. काही वर्षांनी कळलं, सर माणसं ओळखत नाहीत. मी भेटायला गेलो. पेडगाव स्टेशन गेलं तेव्हापासून मनात जुळवत होतो, त्यांना काय काय आठवून द्यायचं. पण तिथं पोचल्यावर काही चाललं नाही. सून म्हणाली, "बाबा, सेलूचे नाना आलेत." सर खिडकीकडंच बघत राहिले. मी मोर्चाची आठवण काढली, बशीरभाईची काढली. चहा झाला. उठलो, पाया पडलो.

तेव्हा सरांनी मान वळवली. "आपण कोण?"

"मी नाना, सर. सेलूचा."

"कोणत्या गटाचे?"

मी म्हणालो, "तुमच्याच."

सरांनी पाय आखडून घेतले आणि पलंगावर मला बसायला जागा केली. गाडी चुकली माझी, पण बसलो.

*

सेलूला आलो आणि बशीरभाईला हे सांगितलं. तो बराच वेळ चाकाचे आरे ताणत राहिला. मग म्हणाला, "नाना, आता अपन दोघंच राह्यलो. दोघांत फूट ठेवनं काय परवडत न्हाई."

त्याच शनिवारी एकीची सभा घेतली. ठराव मी मांडला, अनुमोदन बशीरभाईचं. विरोधात कोणी नाही.

"पैल्यांदाच एकमतानं पास झाला बघा," बशीरभाई म्हणाला. मग खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "सर पायजे होते. विरोध कराया!"

ती एकी एकच थंडी टिकली. बशीरभाई दुकानातच गेला, स्टुलावर बसल्या बसल्या. कब्रस्तानातून परत येताना त्याचा पोरगा म्हणाला, "चाचा, दुकानाचं काय करायचं ते बघतो. पन मागच्या खोलीला हात लावनार न्हाई. तुमी येत जा."

*

म्हणून मी जातो. शनिवारी कुलूप काढायचं, सतरंजी अंथरायची, फळ्यावर विषय लिहायचा. मला मनातल्या मनात बोलणं जमत नाही, म्हणून मोठ्यानंच बोलतो. बाहेरच्यांना वाटत असेल, आत सभा चालू आहे.

परवा वैशाखाच्या उन्हात असाच बोलत होतो. दारात दोन बाया येऊन थांबल्या. सासू-सून, वालूरकडच्या. मेंढ्यांचं औषध घ्यायला सेलूला आलेल्या. म्हातारीनं आधी आत वाकून पाहिलं.

"कुनाशी बोलायलाव, बाबा?"

"वर्ग आहे," मी म्हणालो.

"आसं व्हय." तिनं पुन्हा एकदा रिकाम्या सतरंजीकडं पाहिलं. "गाडीला टाइम हाय. सावलीला बसलं तर चालंल का?"

"बसा की!"

बसल्या. माझी तर धांदलच उडाली. समोर माणसं! मी फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. जमीन कुणाची, राबतं कोण, खातं कोण. बदल दोन टप्प्यांत होतो, की एका दणक्यात. सरांची बाजू मांडली, मग तेवढ्याच जोरात बशीरभाईची मांडली. सून पदरानं वारा घेत बाहेर बघत होती. म्हातारी मात्र हनुवटीला हात लावून माझ्याकडं बघत होती. मधूनमधून "हूं" म्हणायची.

तेवढ्यात स्टँडवर हॉर्न वाजला. सून लगबगीनं उठली, पिशवी उचलली. "आत्याबाई, चला, वालूरची गाडी लागली."

म्हातारी हलली नाही. तिनं सुनेचा पदर धरून तिला खाली ओढलं.

"आवो, जाईल की गाडी!"

"जाऊ दे," म्हातारी हळूच म्हणाली. "दुसरी यील. बस खाली. त्यांचं बोलून व्हायचंय आजून."