सशाच्या काळजाचा फोटो

बायकोबरोबर मी शेवटचं काम केलं ते सशांच्या लेंड्या गोळा करायचं. सांगायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं. मी पिंजऱ्याखालचे पत्रे ओढून काढत होतो, ती पाटीत भरत होती. ते खत तिच्या वांग्यांना लई मानवायचं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. कोल्हारच्या अलीकडं एका दवाखान्याच्या मागं पत्र्याची खोली होती. तिथं पुण्याकडचा एक डॉक्टर सशांवर प्रयोग करायचा आणि मी ससे सांभाळायचो. डॉक्टर सशाला भूल द्यायचा, छाती उघडून काळजाच्या एका शिरेला दोरा बांधायचा. म्हणजे चांगल्या सशाला मुद्दाम झटका आणायचा. मग टाके. दुसऱ्या दिवशी पुन्हा भूल, बारीक नळीतून रंग सोडायचा आणि एक्सरेच्या यंत्रानं भराभर फोटो. रक्त जाईल तिथं रंग उमटायचा, दोऱ्याच्या पुढं सगळं कोरडं. माणसाचा झटका समजावा म्हणून हे चाललं होतं. मी दुसरीतून शाळा सोडलेली, मला एवढंच कळायचं.

बायकोच्या छातीत आठवडाभर दाटून येत होतं. ती ओवा चावायची. मी डॉक्टरला म्हणालो, "साहेब, एक फोटो हिचा बी काढा की."

तो हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा. म्हणाला, "मामा, ही नळी, हे टेबल, सगळं सशाच्या मापाचं आहे. बाईंना नगरला न्या. आजच न्या."

घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजी मी ससा असते तर बरं झालं असतं."

"उद्याच जाऊ नगरला."

"कांदं काढून झालं की जाऊ. बाया सांगितल्यात. का तुमी काढताय वाकून?"

कांदे अजून रानातच होते. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यापाशी लेंड्यांची पाटी तिनं उचलली, परत खाली ठेवली आणि म्हणाली, "अवो, जरा धरा." मी धरायच्या आत ती खाली बसली. डॉक्टर धावत आला. सकाळी ज्या हातानं सशाची शीर बांधली, त्याच हातानं तिची नाडी धरली. जीप मागवली. जीप फाटकात आली तवर ती गेली होती. काळजाचा झटका, डॉक्टर म्हणाला. सशाला झटका कधी येणार हे त्याला आधीच ठाऊक असायचं. माणसाच्या बाबतीत तो आमच्यासारखाच निघाला.

दिवस मावळायच्या आत प्रवरेकाठी सगळं उरकलं. मेव्हण्यानं बजावलं, "दाजी, दहा दिवस सुतक. कुटं जायचं न्हाई, कुनाला शिवायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो. कंपाउंडर दारातच आडवा आला. "मामा, तुमाला सुतक हाय ना?"

"मला हाय. सशाला हाय का?"

तो बाजूला सरला. आदल्या दिवशी दोरा बांधलेला ससा पाला खात बसला होता. मला बघून डॉक्टर उठून उभा राहिला. म्हणाला, "घरी जा मामा, आज फोटो राहू दे."

"आजच काढा. मला बघायचाय."

सशाला मीच धरलं. भूल चढली, रंग सोडला, फोटो निघाला. डॉक्टरनं ओली फिल्म खिडकीशी धरली. एका अंगाला मेथीच्या मुळ्यांसारख्या पांढऱ्या रेघा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही.

"हिचं बी असंच झालं?"

"बहुतेक असंच."

"लई दुखलं असंल?"

तो म्हणाला, "सशाला आपण भूल देतो, मामा."

मी त्याच्या हातातली फिल्म घेतली, दोरीवर चिमटा लावून वाळत घातली. मग गुंगीतला ससा उचलून मांडीवर घेतला आणि त्यानं डोळे उघडेपर्यंत बसून राहिलो.